प्रोफाइलवरचे चौदा शुभेच्छुक

बीडच्या बसस्टँडसमोर माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, 'मेहेक डिजिटल'. दुकानाला मुलीचं नाव दिलं तेव्हा ती चार वर्षांची होती. मोठेपणी बोर्ड बघून खूश होईल असं मला वाटलं होतं. आता ती म्हणते, "अब्बा, जिल्ह्यातल्या प्रत्येक रिकामटेकड्याच्या वाढदिवसाखाली कोपऱ्यात माझं नाव असतं." छापणाऱ्याचं नाव खाली कोपऱ्यात टाकायची पद्धतच आहे, त्याला मी काय करू? घरात आमची बोली दखनी, दुकानात मराठी. तुम्हाला सगळं मराठीतच सांगतो.

वीस वर्षांत मला एक विद्या अशी आली की ती कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. कुणाचा फोटो कुठे आणि केवढा. सगळ्यात वर राज्यातले मोठे लोक, ते पासपोर्टएवढे. त्यांच्याखाली नाना, कमरेपर्यंत. ज्याचा वाढदिवस तो पूर्ण उभा, गॉगल लावून, आपल्याच अंगावर चालत येतोय असा. आणि तळाला गोल गोल चकत्यांमध्ये शुभेच्छुक. एकाची चकती अर्ध्या इंचाने लहान झाली म्हणून माझ्या दुकानाच्या काचेवर दगड आलेला आहे. नाना म्हणजे आमच्या भागातले पुढारी. सध्या ते कोणत्या पदावर आहेत हे मला विचारू नका. पद असो नसो, त्यांच्या बंगल्यासमोरच्या चपला कमी होत नाहीत.

गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात पालीचे रामकिसनराव आपल्या अंगदला घेऊन दुकानात आले. रामकिसनराव सोसायटीचे माजी चेअरमन आणि नानांचे जुने माणूस. नाना पालीत आले की गाडीचं दार उघडायचा मान त्यांचा. अंगदचं वय सव्वीस. बी.ए. झालेला, पोलीस भरतीत तीनदा धावून आलेला, आता एका क्लासला जात होता. त्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं की नोकऱ्या आता पेपरात येत नाहीत, लिंक्डइनवर येतात, तिथं प्रोफाइल पाहिजे.

"यासीनभाई, पोराला एक लिंक्डइन करून द्या," रामकिसनराव खुर्चीत बसत म्हणाले.

"किती बाय किती?" माझ्या तोंडून सवयीने गेलं.

"धा बाय ईस करा. कमी न्हाई करायचं."

मागच्या कॉम्प्युटरवर मेहेक बसली होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मेहेकने पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे. त्यानंतर दीड वर्ष तिने बीडमधल्या एका ठेकेदाराकडे छतावर सोलर बसवायचं काम केलं. सदतीस छतं. ठेकेदाराने धंदा गुंडाळला तेव्हापासून ती माझ्या दुकानात बसून फ्लेक्सवरच्या लोकांच्या गालावरचे डाग पुसत होती आणि नोकरी शोधत होती. पुण्याहून दोनदा बोलावणं आलं, पण तिच्या अम्मीची, जुलेखाची, एक अट होती आणि ती अट दगडावरची रेघ होती. पोरगी सकाळी जाईल आणि मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या, आत घरी येईल, अशा ठिकाणी नोकरी करावी. बीडमध्ये राहून सोलरची अशी नोकरी मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. आणि नेमका त्याच वर्षी पालीच्या पलीकडच्या माळावर पुण्याच्या एका कंपनीचा सोलर प्रकल्प सुरू झाला. बसस्टँडवरून पाऊण तास. मेहेकने तिथं अर्ज केला होता. तिच्या सगळ्या शिक्षणाची किंमत त्या एका माळावर ठरणार होती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

तिचं लिंक्डइन आधीपासूनच होतं. हेल्मेट आणि स्कार्फ घालून छतावर उभी असलेला एक फोटो, आणि खाली सदतीस छतांची यादी, कोणत्या छतावर काय अडचण आली आणि ती कशी सोडवली यासकट. एकदा तिने केबलचा जोड ढिला राहिला तर तो कसा तापतो यावर तीन परिच्छेद लिहिले होते. ते दोघांना आवडले. त्यातला एक मी होतो, आणि मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी तिला म्हणालो होतो, थोडं सजवून देतो. ती म्हणाली, "अब्बा, याला हात लावायचा नाही. यात एक अक्षर खोटं नको."

तर अंगद. मी मेहेकला म्हणालो, इंग्रजी तू कर, बाकी मी बघतो. ती नाइलाजाने उठून आली.

"काय काम केलंय आतापर्यंत?" तिने विचारलं.

अंगदने बापाकडे बघितलं. बापाने छताकडे.

"कड्याला कारखान्यावर होता की," रामकिसनराव म्हणाले. "मामाच्या वळखीनं. उसाच्या काट्यावर चिठ्ठ्या द्यायला."

"किती दिवस?"

"अकरा," अंगद म्हणाला. "मंग थंडी लई पडली."

मेहेकने टाइप केलं, सप्लाय चेन. मी डोळे वटारले, पण रामकिसनरावांना तो शब्द फार आवडला. मग पुढे 'पाली युवा मंच' आला. या मंचाचा अंगद संस्थापक अध्यक्ष होता. मंच कुठे आहे म्हणाल तर माझ्या फ्लेक्सवर आहे, दुसरीकडे कुठे नाही. कबड्डीच्या सामन्यात माइकवर ओरडणं झालं पब्लिक स्पीकिंग. मिरवणुकीत डीजेच्या पुढं दोरी धरणं झालं क्राउड मॅनेजमेंट.

"आन मागल्या वर्षी रास्ता रोको केलता धरणाच्या रोडवर," अंगद म्हणाला. "साठ माणसं होती. दोन घंटे एक गाडी सोडली न्हाई. ते पण टाका."

मेहेक माझ्याकडे बघून दखनीत पुटपुटली की हा आता चोरीसुद्धा लिहायला लावेल. मग तिने दात-ओठ खात टाइप केलं, स्टेकहोल्डर एंगेजमेंट.

"म्हंजी काय ते?" रामकिसनरावांनी विचारलं.

"ज्यांचं ज्यांचं काही अडकलंय अशा सगळ्यांना एकत्र घेऊन बसणं, काका."

"बसलोच होतो की! लई ऊन होतं त्या दिवशी."

नंतर वरच्या पट्टीचा फोटो आला. लिंक्डइनवर वर एक आडवी पट्टी असते. लोक तिथं समुद्र टाकतात, डोंगर टाकतात. रामकिसनरावांनी तिथं नाना टाकायला सांगितले. मग नानांच्या वरचे आले. मग स्वतः रामकिसनराव आले, कारण पोराच्या प्रोफाइलवर बाप नसला तर गावात काय तोंड दाखवायचं? आणि खाली चौदा शुभेच्छुक. ते चौदा नसते घेतले तर सोसायटीच्या पुढच्या निवडणुकीला चौदा घरं फिरली असती.

"काका," मेहेक शेवटी म्हणालीच, "हे नोकरीसाठी असतं. इलेक्शनसाठी नाही."

"बाई, तूच सांग. नोकरी लागायला काय लागतं? वर एक माणूस आन खाली धा माणसं. इलेक्शनला दुसरं काय लागतं?"

ती चकत्या लावू लागली. मला मनातून ते पटलं, आणि मी ते तेव्हा बोललो नाही याचं आता बरं वाटतं.

शेवटी मी अंगदच्या फोटोभोवती ते हिरवं कडं लावलं. नोकरी शोधत असला की तसं कडं लावतात. रामकिसनरावांनी आधी कड्याकडे बघितलं, मग माझ्या टोपीकडे.

"यासीनभाई, हे हिरवं कावून? तुमी टाकलं का?"

"नाही हो. ते अमेरिकेतून तसंच येतं."

"भगवं मिळत न्हाई का?"

"विचारून बघतो," मी म्हणालो. काही गिऱ्हाइकांना असंच उत्तर द्यावं लागतं.

प्रोफाइलमध्ये शिफारशीची एक जागा असते. तिथं तुमच्याबरोबर काम केलेल्या माणसाने दोन शब्द लिहायचे असतात. अंगदबरोबर कुणी काम केलेलं नव्हतं, कारण त्यासाठी आधी अंगदने काम करावं लागलं असतं. पण शिफारस हा शब्द ऐकताच रामकिसनराव उठले, नानांच्या बंगल्यावर गेले आणि तासाभरात पत्र घेऊन आले. नानांचे पी.ए. पंडित यांच्याकडे ते पत्र तयार असतं, फक्त नाव घालायचं. 'सदर तरुण माझ्या चांगल्या परिचयाचा असून होतकरू, कष्टाळू व निर्व्यसनी आहे. त्यास योग्य त्या ठिकाणी सामावून घ्यावे.' अंगदने ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'निर्व्यसनी' म्हणताना त्याला आधी बाहेर जाऊन गुटखा थुंकून यावं लागलं.

पत्र स्कॅन करून चढवलं, प्रोफाइलची लिंक्डइनवर एक पोस्ट केली आणि तिची लिंक अंगदने गावच्या ग्रुपवर टाकली. आता जे झालं ते आमच्या जिल्ह्यातच होऊ शकतं. लोकांनी बघितलं, वर नाना, मधे अंगद गॉगल लावून, खाली चौदा चकत्या. असं चित्र आमच्याकडे एकाच कारणासाठी असतं. संध्याकाळपर्यंत त्या पोस्टखाली तीनशे चाळीस जणांनी लिहिलं, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. काहींनी केकचं चित्र टाकलं. नानांच्या कार्यकर्त्या पोरांनी 'वाघ' लिहिलं. दोघांनी घरी जाऊन हार घातला. अंगदचा वाढदिवस एप्रिलात असतो, पण तो कशाला नाही म्हणतोय? त्याने सगळ्यांचे आभार मानले, आणि रामकिसनरावांनी दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात पेढे आणून दिले.

मेहेक पेढा खात म्हणाली, "बघा अब्बा, आता याला कोण नोकरी देतंय ते."

दहा दिवसांनी पुण्याहून फोन आला. अंगदला. त्याच कंपनीतून, त्याच माळावरच्या.

अंगदच्या घरी रेंज नीट येत नाही म्हणून व्हिडिओ कॉल माझ्या दुकानातून झाला. मागे फ्लेक्सची गुंडाळी दिसू नये म्हणून मी पांढरा कपडा लावला. पलीकडे वर्षाराणी नावाच्या मॅडम होत्या, कंपनीत माणसं भरायचं काम बघणाऱ्या. साध्या, हसतमुख आणि अतिशय घाईत.

"अंगदजी, तुमचं प्रोफाइल खूप वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे टेक्निकल माणसं खूप आहेत हो. पण स्टेकहोल्डर एंगेजमेंटचा प्रत्यक्ष अनुभव असलेला माणूस मिळत नाही. आणि तुमच्या पोस्टला स्थानिक लोकांचा प्रतिसाद बघून आम्ही थक्कच झालो."

"हाव मॅडम," अंगद म्हणाला.

"समजा, पन्नास लोक गेटवर आले आणि त्यांनी आमचे ट्रक अडवले. तुम्ही काय कराल?"

"मॅडम, कोन्ते पन्नास?"

"म्हणजे, कुठलेही."

"न्हाई, म्हंजी, पालीचे असले तर ते माझेच हायेत. मी सांगितल्याबिगर ते येतच न्हाईत. आन मी सांगितलं की जातेत."

वर्षाराणी मॅडमनी खाली काहीतरी लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला त्यांची दया आली. सात मिनिटांत मुलाखत संपली. अंगद कंपनीत लोकसंपर्क अधिकारी झाला. ज्या पन्नास माणसांना तो गेटवर आणू शकत होता, त्यांना न आणायची ती नोकरी होती.

मेहेक मागच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. पांढरा कपडा काढून घडी घालताना तिने मला विचारलं, "स्टेकहोल्डर मी लिहिलं होतं ना, अब्बा?"

"हो बेटा."

"चिडून लिहिलं होतं."

मी म्हणालो, त्यांना ते दिसत नाही. ती पुन्हा कुणाच्या तरी गालावरचा डाग पुसायला बसली. मला फार वाईट वाटलं. पण माझ्या डोक्यात लगेच दुसरा विचार आला, आणि तो मी लपवत नाही. अंगद आता आपला माणूस झाला. आपल्या दुकानातून गेलेला पोरगा आत बसलाय, मग मेहेकचं कामही होईल.

मेहेकला बोलावणं आलं ते मात्र तिच्या स्वतःच्या जोरावर. माळावरच्या साइट इंजिनिअर साहेबांनी तिची सदतीस छतं वाचली होती. त्यांनी तिला प्रत्यक्ष बोलावून पॅनेलच्या एका रांगेपुढे उभं केलं. रांगेतून वीज कमी येत होती आणि त्यांच्या माणसांना दोन दिवस कारण सापडत नव्हतं. मीही गेलो होतो, लांब सावलीला उभा होतो. मेहेकने मीटर लावून एकेक जोड तपासत नेला, सतराव्या पॅनेलपाशी थांबली आणि खाली वाकून केबल दाखवली. जोड ढिला होता, तापून काळा पडला होता. तिने तीन परिच्छेद लिहिले होते ना, तोच. मला त्या दिवशी पहिल्यांदा तिचं लिखाण समजलं. साहेब म्हणाले, "माझ्याकडून तुमचं नाव पहिलं. पण स्थानिक भरतीची यादी लोकसंपर्क अधिकाऱ्याच्या सहीने वर जाते. तेवढं होऊ द्या."

मी तर तिथंच हसलो. लोकसंपर्क अधिकारी! मेहेकला बसमध्ये बसवलं आणि तसाच अंगदला भेटायला गेलो.

एका पत्र्याच्या कंटेनरमध्ये त्याचं ऑफिस होतं. आत गारेगार ए.सी., टेबल, आणि भिंतीवर नाना. मीच छापलेले. अंगदच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी होती. तो उठला नाही, पण हसला मनापासून.

"या चाचा, बसा. काम बोला."

मी मेहेकचं सांगितलं. साहेब काय म्हणाले तेही सांगितलं. त्याने मान हलवली.

"म्या बघितलं ना मेहेकचं प्रोफाइल. हुशार हाय पोरगी, वादच न्हाई. पण चाचा, खाली कोणच न्हाई. दोन लाइक. उद्या मी तिचं नाव टाकलं आन कुणी इचारलं, हिच्या मागं कोण हाय, तर मी काय सांगू?"

"तिच्या मागं मी आहे."

"तुमी हायेतच, चाचा. पण तुमी फ्लेक्स छापता. फ्लेक्सवर नसता."

त्याने हे चिडवायला म्हटलं नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं, म्हणून तर ते आत गेलं. वीस वर्षांत जिल्ह्यातल्या प्रत्येक तोंडाला मी चकती दिली आणि मला एकदाही वाटलं नाही की आपलंही तोंड त्यात असावं. मी त्याला म्हणालो, अंगद, तुझा तो शब्द माझ्या पोरीनं लिहिला होता.

"मंग? मी कुठं न्हाई म्हणतो? म्हणून तर सांगायलो, आपलं घर म्हणून. नानांचं एक पत्र आणा, अन् प्रोफाइल जरा माझ्यासारखं करा. चार जागा हायेत, तीन पालीतच गेल्या. एक मी धरून ठेवतो, सोमवारपर्यंत."

बाहेर आलो तेव्हा त्याला चार शिव्या द्याव्या असं वाटत होतं. दिल्या नाहीत. नानांच्या बंगल्याचा रस्ता धरला.

बंगल्यावर पंडित दारातच भेटले. गोड माणूस, कुणालाही नाही म्हणत नाहीत.

"यासीनभाई, तुमच्यासाठी पत्र कावून न्हाई? आत्ता देतो. पण लेटरहेड संपलेत बघा. तुमच्याकडंच टाकायचे होते छापायला."

म्हणून मी परत दुकानात आलो, नानांची पाचशे लेटरहेडं छापली, गठ्ठा स्कूटरवर पायात धरला आणि पुन्हा बंगल्यावर गेलो. पंडितांनी वरचा कागद घेतला, प्रिंटरमध्ये घातला, मेहेकचं नाव विचारून टाइप केलं. सहीसाठी त्यांनी खणातून रबरी शिक्का काढला. तोही मीच दिलेला, मागच्या दिवाळीत. नाना आत झोपले होते. कागद माझा, शिक्का माझा, मुलगी माझी. फक्त परिचय नानांचा होता.

मेहेकला काय सांगायचं याचा विचार करत मी दुकानात शिरलो. पत्र तिच्या टेबलावर उलटं ठेवलं आणि शाईच्या बाटल्या लावत बसलो. तिने ते सरळ करून वाचलं.

"हे मला ओळखतात?"

"चांगल्या परिचयाची आहेस, असं लिहिलंय."

"निर्व्यसनी आहे हे त्यांना कुणी सांगितलं?"

ती हसली, मीही हसलो. मग हसणं संपलं. मी अंगद काय म्हणाला ते सगळं सांगितलं, फ्लेक्सवाला शब्द सोडून. मला वाटलं ती पत्र फाडेल. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. तिने ते टराटरा फाडावं, माझ्या तोंडावर फेकावं, आणि मी उद्या जाऊन पंडितांना सांगावं की माझी पोरगी अशी आहे. मी स्वतः कधी काही फाडलं नाही, म्हणून ते काम मी तिच्यावर ढकलत होतो.

तिने स्कॅनरचं झाकण उचललं आणि पत्र आत ठेवलं.

"अब्बा," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "नानांचा फोटो केवढा घेऊ? कमरेपर्यंत?"

"कमरेपर्यंत," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग ती कामाला लागली आणि मी बघत राहिलो. हेल्मेटचा फोटो काढला, मामेबहिणीच्या शादीतला हात जोडलेला फोटो कापून लावला. सदतीस छतं खाली ढकलली, इतकी खाली की शोधावी लागतील. चकत्यांसाठी तिच्याकडे चौदा माणसं नव्हती. तिच्या मैत्रिणी सगळ्या मिळून पाच, आणि त्यांच्या घरच्यांना फोटो चालला नसता. मी म्हणालो, थांब. माझ्या कॉम्प्युटरवर अख्ख्या जिल्ह्याचे शुभेच्छुक एका फोल्डरमध्ये गोल कापून तयार असतात. त्यातले चौदा मी काढून दिले. ज्यांनी तिला जन्मात बघितलेलं नाही असे चौदा जण तिच्या पायाशी हसत उभे राहिले. मीच ते रांगेत नीट लावले, सगळे एका मापाचे, कारण चकती लहान-मोठी झाली की काय होतं ते मला माहीत आहे.

सोमवारी यादी लागली. चौथं नाव मेहेक यासीन. जुलेखाने अख्ख्या मोहल्ल्याला शिरखुर्मा वाटला, ईद नसताना. आता मेहेक रोज सकाळी सातच्या गाडीने माळावर जाते आणि मगरिबच्या आत घरी येते. पहिल्याच आठवड्यात तिला कंटेनरमधला ए.सी. बंद पडला म्हणून बोलावलं. तिने तो दुरुस्त केला. साहेब तिच्या कामावर खूश आहेत, अंगद तिच्यावर खूश आहे, वर्षाराणी मॅडमनी स्थानिक मुलींना संधी दिल्याबद्दल अंगदचं लिंक्डइनवर कौतुक केलं आहे. मॅडमच्या त्या पोस्टखाली मेहेकने अंगठ्याचं चित्र टाकलं. छतांबद्दल ती आता काही लिहीत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कोण वाचतं, अब्बा?"

एक गोष्ट मी जुलेखाला सांगितलेली नाही. ती शनिवारची, यादी लागायच्या आदल्या आदल्या दिवसाची.

मेहेकचं नवं प्रोफाइल चढवलं, त्याची पोस्ट टाकली आणि जे व्हायचं तेच झालं. वर नाना, मधे हात जोडलेली पोरगी, खाली चौदा चकत्या. ऑक्टोबर चालू होता. माझी मेहेक दोन मार्चची, पहाटे सरकारी दवाखान्यात झाली, मी बाहेर बाकावर होतो. पण दुपारपर्यंत दोनशे नव्वद लोकांनी तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. तेवढ्यात अंगदचा फोन आला.

"चाचा, तीनशे झाले पायजेत बे, ते मॅडमला आकडा पाठवायचाय. सांगा कुणाला तरी."

गडबडीत तो मला बे म्हणाला, हे त्याच्याही लक्षात आलं नाही. मी दोघा-चौघांना फोन केले. दोनशे शहाण्णव झाले, तिथं अडकलं. मेहेक माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती, पाठमोरी. मी खिशातून मोबाइल काढला आणि टाइप केलं, 'मेहेकताई, आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक, यासीन, मेहेक डिजिटल.'

तिच्या मोबाइलवर ते वाजलं. तिने बघितलं. मागे वळली नाही.

संध्याकाळी तिने सगळ्यांना उत्तरं दिली. एक ओळ तयार केली आणि खाली खाली चिकटवत गेली. 'आपल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार, असाच लोभ असू द्यावा.' तीनशे दोन जणांना तीच ओळ. मलाही.